फिरतीवरचा उजेड

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहमदनगर जिल्हा, ज्याचे सरकारदरबारी आता अहिल्यानगर असे नामाभिधान झाले आहे, तो सबंध पालथा घालण्याची संधी मला नोकरीने दिली. एका सरकारी खात्याच्या फिरतीवर आज अकोले तालुक्याच्या डांगाणात तर चार दिवसांनी जामखेडच्या माळावर असा मुक्काम पडे, आणि त्या फिरतीत दप्तराच्या पिशवीत सहज मावेल असा एक छोटा व्हिडिओ कॅमेरा मी बाळगीत असे. कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला आमच्याकडे हँडीकॅमच म्हणतात. पश्चिमेस कळसूबाईच्या पायथ्याशी पावसाने गुदमरणारा मुलूख आणि पूर्वेस पावसाची वाट पाहत करपणारे माळ, असा जो या जिल्ह्याचा स्वभाव, तोच त्याच्या उजेडाचाही आहे. आणि या दोन टोकांच्या उजेडात ज्याने वर्षानुवर्षे चित्रण केले त्याला ही विद्या शिकण्यासाठी आणखी कोठे जाण्याचे कारण पडत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रथम यंत्राचा वकूब सांगितला पाहिजे. १९९५ साली मिनी-डीव्ही नावाची साठ मिनिटांची इवलीशी कॅसेट निघाली आणि सामान्य नोकरदाराच्या हाती बऱ्यापैकी स्वच्छ चित्र देणारे यंत्र पुढील काही वर्षांत येऊन पोचले. परंतु तळहातात मावेल एवढ्या देहात भिंग, फीत, मोटार आणि बॅटरी हे सारे बसवायचे म्हणजे कोठे तरी काटकसर आलीच, आणि ती काटकसर कारखानदार नेमकी चित्र टिपणाऱ्या सेन्सरमध्ये करतात. हा सेन्सर करंगळीच्या नखाहूनही लहान. त्याच्या वाट्याला येणारा प्रकाश तितकाच थोडका. उजेड जरा कमी पडला की यंत्र आतल्या आत विद्युत्संकेत फुगवू लागते, आणि मग घरी येऊन टीव्हीला जोडून पाहावे तो आप्तेष्टांच्या चेहऱ्यांवर मुंग्या वळवळताना दिसतात.

दुसरी मर्यादा यंत्राच्या समजुतीची. ‘ऑटो’वर ठेवलेला कॅमेरा चौकटीतील सगळ्या उजेडाची सरासरी काढतो, आणि जगातील प्रत्येक दृश्याची सरासरी मध्यम राखाडीच असली पाहिजे असे गृहीत धरून भिंगाची पाकळी उघडतो अथवा मिटतो. कचेरीत नव्याने रुजू झालेला कारकून जसा येईल त्या अर्जावर एकच ठरावीक शेरा मारून मोकळा होतो, तसाच हा प्रकार. बहुसंख्य अर्जांना तो शेरा लागूही पडतो. तंटा उद्भवतो तो उरलेल्यांचा. आणि आमच्या जिल्ह्यात असले उरलेले अर्ज फार.

शनिशिंगणापूरचेच पाहा. उघड्या चौथऱ्यावर, माथ्यावर छप्पर नाही, अशी ती काळी शिळा भर उन्हात उभी. हौशी माणूस स्वाभाविकपणे झूम करून ती चौकटीत भरून घेतो. चौकटीत काळेपणा वाढला की यंत्र घाबरून पाकळी अधिक उघडते, आणि तेलाने तुळतुळीत झालेली ती काळीभोर शिळा पडद्यावर धुरकट राखाडी, तर मागचे आभाळ निव्वळ पांढरा कागद. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीने काळ्या पाषाणात जे रांजणखळगे कोरले आहेत तेथे हाच अनुभव दुप्पट येतो, कारण खडक काळाकुट्ट आणि त्यात घुसळणारे पाणी शुभ्र फेसाळ. सावळ्याला गोरा करण्याचा हा यंत्राचा खटाटोप थांबवायचा तर प्रकाशाचा कारभार त्याच्या हातातून काढून घेतला पाहिजे. बहुतेक हँडीकॅमवर त्यासाठी एक लहानसे चाक अथवा पडद्यावरील बटण असते, आणि बहुतेक मालकांनी त्याला जन्मात हात लावलेला नसतो. ते चाक दोन-तीन घरे खाली फिरवावे, फेसाच्या रेषा निराळ्या दिसू लागेपर्यंत उजेड कमी करावा, आणि खडकाला त्याच्या मूळ वर्णावर सोडून द्यावे. काळ्याने काळेच दिसावे यात खडकाचा काही अपमान नाही.

याच्या नेमके उलट संकट ज्येष्ठात, त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरास निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते तेव्हा उभे राहते. पांढरी धोतरे, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. वर भरून आलेले दुधी आभाळ. यंत्राला वाटते, उजेडाचा कहर झाला. ते पाकळी मिटते आणि टोप्यांखालचे रापलेले चेहरे काळवंडून नाहीसे होतात. राहतात त्या नुसत्या चालत्या टोप्या. येथे चाक वर फिरवावयाचे आणि वस्त्रांच्या सुरकुत्या थोड्या पुसल्या गेल्या तरी चेहरे वाचवायचे. एका चौकटीत सर्वांना सारखा न्याय देण्याची ताकद या लहान यंत्रात नाही. कोणाला न्याय द्यायचा आणि कोणाची फिर्याद फेटाळायची हे धरणाऱ्यानेच ठरवायचे असते, आणि माझ्या लेखी या सबंध कलेत ठरवण्यासारखी गोष्ट एवढी एकच आहे. बाकी सारे सवयीने येते.

वारीने मला आणखी एक उपयुक्त युक्ती दिली. दिंडी भल्या पहाटे शाळेच्या ज्या खोलीतून उठते तेथे ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, दाराशी कोणी तरी लावलेल्या बल्बचा तांबूस उजेड, आणि बाहेर पडावे तो उगवतीचा निळसर. डोळा हे तीनही उजेड मुकाट्याने सावरून घेतो, यंत्राला ते जमत नाही. ते चाचपडत राहते आणि एकाच माणसाचा चेहरा चालता चालता हिरवा, पिवळा, निळा होत जातो. पांढरा रंग म्हणजे काय हे यंत्राला एकदा दाखवून द्यावे लागते, आणि त्यासाठी पुस्तकात पांढरा कागद धरा असे लिहिलेले असते. पहाटेच्या त्या लगबगीत कागद कोठून आणावा? मी शेजारच्या वयोवृद्ध वारकऱ्याला म्हणालो, “माऊली, क्षणभर असेच उभे राहता?” आणि त्यांच्या पाठीवरच्या सदऱ्याने चौकट भरून घेऊन व्हाइट बॅलन्सचे बटण दाबले. त्यांनी मागे न वळताच विचारले, “काय मोजताय, माऊली?” मी म्हणालो, “पांढरं.” त्यावर ते हसून म्हणाले, “नीळ जास्त झालीय बघा त्याला.” म्हातारबुवांचे म्हणणे रास्त होते, नीळ दिलेल्या कापडावर मोजलेला पांढरा पडद्यावर किंचित पिवळट उतरतो, आणि तेव्हापासून दिंडीत मी नवे कडक सदरे टाळून चार धुण्यांतून गेलेले उपरणे शोधू लागलो.

पण ही युक्ती सूर्यास्ताला वापरू नये. मावळतीच्या तांबड्या उजेडात कागद धरून पांढरा मोजला तर यंत्र आज्ञाधारकपणे तो तांबडेपणा सगळा पुसून टाकते, आणि ज्यासाठी डोंगर चढून आलो तेच हरवते. तेथे सूर्यप्रकाशाची ठरावीक खूण लावून ठेवावी आणि संध्याकाळला संध्याकाळच राहू द्यावे.

दुपारचे ऊन हा आमच्या मुलखाचा स्थायीभाव. मे महिन्याच्या मध्यावर, या अक्षांशावर, मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्याच बुडाशी लोपते. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत आणि पागोट्याखाली इतका अंधार साचतो की मुलाखत देणारा शेतकरी जणू काळे कापड बांधून बोलतो आहे. वाळवणाच्या, खुरपणीच्या, छावणीच्या कित्येक गोष्टी मला अशाच वेळी टिपायच्या असत, कारण फिरतीचे वेळापत्रक सूर्याला विचारून ठरत नाही. तेव्हा मी “बाबा, जरा लिंबाखाली येता का?” एवढेच म्हणे. दाट लिंबाच्या सावलीत, पण सावलीच्या कडेला, तोंड उघड्या रानाकडे करून माणूस बसवला की समोरच्या तापल्या जमिनीवरून परतणारा मऊ उजेड चेहऱ्यावर सारखा पसरतो. यासाठी ना दिवा लागतो, ना परावर्तक. मागे मात्र रान न ठेवता झाडाचे खोड किंवा घराची भिंत ठेवावी.

सावली मात्र पारखून घ्यावी. संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा तो प्रचंड वटवृक्ष आहे; पारंब्यांची खोडे होऊन त्याने काही एकर भूमी व्यापलेली. पाहणाऱ्याला तेथे स्वर्ग, चित्रण करणाऱ्याला भर दुपारी तोच नरक. पानापानांतून गळणारे कवडसे माणसाच्या अंगावर असे पडतात की अर्धे कपाळ जळते आणि अर्धी हनुवटी बुडते, आणि वारा सुटला की ती सगळी नक्षी हलू लागते. यावर यंत्रात कसलाच इलाज नाही. सूर्य वर येण्यापूर्वी तेथे जावे किंवा आभाळ आलेल्या दिवशी जावे. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली तेव्हा त्यांनाही उन्हाचीच मर्जी सांभाळावी लागली असणार; तेव्हापासून कॅमेरे खिशात मावू लागले, पण या एका बाबतीत आपला दर्जा तसूभरही वाढलेला नाही.

नगर शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर जी तिमजली अष्टकोनी इमारत आहे तिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मला तेथे न्यावे लागे, आणि त्यामुळे उजेडाचा एक प्रश्न मला तेथे पुन्हा पुन्हा, निवांतपणे सोडवता आला. आत जाड भिंतींचा गारवा आणि काळोख. कमानींतून दिसणारे बाहेरचे नगर लखलखीत. आतून चालत चालत कमानीकडे जाताना ऑटोवरचा कॅमेरा प्रथम अंधाराशी जुळवून घेतो, कमान येताच सगळे पांढरे होते, मग एक-दोन क्षणांत तो दचकून पाकळी मिटतो आणि शहर उमटते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हा हिसका असह्य होतो. पाहुण्यांपैकी पुष्कळांच्या कॅसेटीत हा महाल म्हणजे अशा हिसक्यांची मालिकाच आहे.

मी पुढे असे करू लागलो की प्रथम एकटाच कमानीपर्यंत जाई, बाहेरच्या शहरावर उजेड नीट बसवी, तेथेच कुलूप लावी, आणि मग आत परत येऊन चित्रण सुरू करी. आरंभी पडद्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. पावलांचा आवाज, कोणाचे तरी पुटपुटणे, दगडी पायरीची एखादी कड. मग दूरवर कमानीचा आकार, ती वाढत वाढत चौकट भरून टाकते, आणि एकही हिसका न बसता किल्ला, मशिदींचे घुमट आणि रेल्वेची रेघ यांच्यासह सबंध नगर उलगडते. आतला भाग काळा राहिला म्हणून आजवर एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही. उलट कबरीत अंधार असतो हे त्यांना प्रथमच पटले.

रात्रीचा हिशेब निराळा. पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची यात्रा भरते, होळीपासून पाडव्यापर्यंत तेथे माणसांचा आणि, रंगपंचमीच्या सुमारास, गाढवांच्या प्रसिद्ध बाजाराचा कोलाहल चालतो. दुकानांतून त्या काळी पेट्रोमॅक्स, बल्ब आणि ट्यूबलाइट शेजारी शेजारी जळत. येथे पांढरा मोजण्याच्या भानगडीत पडूच नये. रेवड्यांच्या ढिगावरचा पिवळा उजेड पिवळाच शोभतो. उजेडाच्या उगमाकडे पाठ न करता त्याला चौकटीच्या कडेबाहेर ठेवावे, झूम न करता पायांनी जवळ जावे, कारण पुष्कळशा हँडीकॅममध्ये भिंग लांबवले की ते आणखी आंधळे होते, आणि अंधारात फोकस आपणहून शोधू देऊ नये, तो एकदा बसवून तसाच ठेवावा. याच यात्रेत परदेशातून चिरंजिवांनी पाठवलेला कॅमेरा घेऊन आलेले एक गृहस्थ भेटले; त्यांच्या चित्रात सारी दुकाने थरथरत होती. दोष कोणाचाच नव्हता. अमेरिकेतील यंत्र सेकंदाला साठ वेळा पाहते, आपली वीज पन्नास आवर्तनांची, तिच्यावरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते, आणि या दोन गणितांचा मेळ बसत नाही. शटर शंभरांशावर ठेवताच थरथर थांबली आणि त्यांनी मला बळेच उसाचा रस पाजला.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या थंडगार पाण्यात शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. तेथे काही जण कॅमेऱ्यातील नाइटशॉटचे बटण दाबतात आणि अवरक्त किरणांच्या त्या हिरव्या चित्रात प्रदक्षिणा घालणारा भाविक पिशाच्चासारखा दिसतो. मला ते देवाच्या दारी अनुचित वाटते. विजेरी थेट लिंगावर रोखली तर मधोमध पांढरा डाग आणि भोवती काळोख. त्यापेक्षा सोबत्याला पाण्याच्या कडेला धुतलेला पांढरा पंचा दोन्ही हातांनी ताणून धरायला सांगावे आणि विजेरी त्या पंच्यावर मारावी. परतून येणारा उजेड थोडाच असतो, मुंग्याही थोड्या येतात, पण पाण्याची थरथर आणि खांबाचा कंगोरा दोन्ही दिसतात. त्याच गडाच्या कोकणकड्यावर, पाठीशी सूर्य आणि पुढे दरीत धुके असा योग जुळला तर इंद्रवज्र म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते नोंदवून ठेवले आहे. मला ते लाभले नाही. धुके मात्र विपुल लाभले, आणि धुक्यात ऑटोफोकस वेडापिसा होतो एवढे ज्ञान पदरात पडले.

भंडारदरा हे चित्रणाचे माहेरघर समजतात. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाकाठी मावळतीला उभे राहून सोनेरी पाणी टिपावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु सीसीडी जातीच्या जुन्या सेन्सरवर पाण्यातील सूर्याचा एखादा प्रखर ठिपका पडला की चौकटीच्या वरपासून खालपर्यंत एक उभी झगझगीत पट्टी उमटते, आणि पाकळी कितीही मिटली तरी ती पूर्णपणे जात नाही. चार पावले सरकून तो ठिपका एखाद्या झाडामागे अथवा होडीच्या आड दडवावा, हाच तोडगा. श्रावणात रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापाशी जावे तर उजेड इतका सर्वसंमत आणि मऊ की कोरीव कामाची प्रत्येक वेल मोजावी. फक्त आभाळ चौकटीत घेऊ नये, घेतले की सगळे फिके. खोलीतल्या कोरड्या गारव्यातून एकदम त्या दमट हवेत कॅमेरा काढला की आत दव धरते आणि फीत अडकू नये म्हणून यंत्र आपणहून बंद पडते. निघण्यापूर्वी तासभर तो पिशवीत बांधूनच बाहेर ठेवावा.

आणि तेथलेच काजवे. मे सरता सरता, पहिल्या पावसाआधी, हिरडा-बेहड्यांच्या झाडांवर ते लक्षावधींनी लुकलुकतात आणि वर्तमानपत्रांतील छायाचित्रे पाहून लोक कॅमेरे घेऊन धावतात. ती छायाचित्रे कित्येक मिनिटांचा प्रकाश एकत्र साठवून घेतलेली असतात. सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात पाहणाऱ्या आमच्या यंत्राला त्यांतले एक-दोन हिरवट ठिपके दिसले तर दिसले. विजेरी पेटवली तर काजव्यांना उपद्रव. कॅमेरा पिशवीत टाकून खाली बसावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याविषयी थोडक्यात सांगतो. नराची पाठ काळी आणि पोट पांढरे, म्हणजे दोन्ही टोकांची फिर्याद एकाच प्राण्याच्या अंगावर. त्यातून सकाळी नऊनंतर तापल्या कुरणावरची हवा उकळू लागते आणि दुरून झूम केलेला काळवीट पाण्याखाली उभा असल्यासारखा हेलकावतो. उगवतीच्या पहिल्या तासात काय मिळेल ते मिळवावे, उजेड पोटाच्या पांढऱ्यावर बसवावा, आणि चहा प्यायला जावे.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि तो अंधारात माझ्या जुन्या हँडीकॅमहून कितीतरी सरस पाहतो, हे कबूल केले पाहिजे. अनेक चित्रे जुळवून काळ्या-पांढऱ्याचा तंटा तो बऱ्याच अंशी परस्पर मिटवतोही. मात्र त्याचा निवाडा पुष्कळदा सगळ्यांनाच थोडेथोडे देऊन मोकळा होणारा असतो, आणि कबरीतला काळोखही तो उजळून दाखवतो, ही त्याच्याविषयीची माझी एक तक्रार. रस्त्यांवरचे सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, यात्रेतला पेट्रोमॅक्स गेला. त्या उजेडातली माणसे आता फक्त जुन्या कॅसेटींत उरली आहेत. त्या कॅसेटी वाजवणारी यंत्रे कोणी बनवीत नाही, आणि त्या संगणकात उतरवण्याची फायरवायरची खाच नव्या संगणकांतून नाहीशी झाली आहे. तेव्हा ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी असतील त्यांनी त्यांच्यासोबत तो बंद पडत चाललेला हँडीकॅमही भंगारात न देता जपून ठेवावा, आणि येत्या दिवाळीपूर्वी, तो चालतो आहे तोवरच, सगळ्या कॅसेटी उतरवून घ्याव्यात.